जुन्या नावाचा रकाना

निशा भानारकरला त्या आठवड्यात एका जागी बसवत नव्हतं. दहा मिनिटं खुर्चीत, मग उठून सर्व्हरच्या खोलीत, तिथून व्हरांड्यात, कारण फोनला रेंज फक्त व्हरांड्याच्या पूर्वेच्या टोकाला यायची, आणि परत खुर्चीत. पहिल्या दिवशी कार्यालयातल्या लोकांनी विचारलं, बाई, काही हरवलं काय. नंतर त्यांना सवय झाली.

काम शांतनाम संघ या भक्तिपंथाचं होतं. सावलीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांमध्ये संघाचं मुख्य केंद्र आहे. चंद्रपूर, गडचिरोली ते पार तेलंगणाच्या कडेपर्यंत तीनशेवर शाखा, नऊ वसतिगृहं, दोन दवाखाने आणि दीड लाख नामधारक सदस्य. या सगळ्यांची नोंद एका जुन्या सर्व्हरमध्ये होती आणि तो धान्याच्या कोठीला लागून असलेल्या खोलीत अठरा वर्षं चालू होता. त्यात दोन डिस्क होत्या, दोन्हींवर तीच माहिती, एक गेली तर दुसरी राहावी म्हणून. पहिली दिवाळीत गेली. दुसरी आता अधूनमधून टक्‌टक् वाजायची आणि तो आवाज आला की निशा उठून सर्व्हरच्या खोलीत जायची.

माघ मेळाव्याआधी सगळं नव्या व्यवस्थेत न्यायचं होतं. मेळाव्याला लाखभर लोक येतात. कोणाला कुठं उतरवायचं, कोणत्या शाखेचा स्वयंपाक कोणत्या मांडवात, सगळं त्या नोंदींवर चालतं. निशाकडे दहा दिवस उरले होते. ती सावली तालुक्यातल्याच ढिवर घरातली, बापाने गावच्या तलावात मासेमारी करून शिकवलेली. आठ वर्षं तिने हैदराबादला अशाच मोठमोठ्या सर्व्हरांच्या इमारतीत काढली होती. तिथं एखादी डिस्क गेली तर तासाभरात नवी यायची. इथं तिने मागवलेली डिस्क नागपूरहून निघून चार दिवस झाले होते आणि ती गाडी कुठं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

शाखांची अवस्था आणखी वेगळी. एका ठिकाणी संगणकावर उंदरांनी घर केलं होतं. मुलचेऱ्याच्या वसतिगृहातल्या कीबोर्डची एक कळ गेली होती आणि तिथून येणाऱ्या प्रत्येक यादीत 'र' नावाचं अक्षरच नसायचं.

ही जुनी व्यवस्था उभी केली होती घनश्यामभाऊंनी. वय एकोणसत्तर. कधीकाळी ते मूल शहरातल्या एका भातगिरणीत कारकून होते. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्याही आधी, संगणक म्हणजे काय हे तालुक्यात कोणी पाहिलं नव्हतं तेव्हा, ते नागपूरला जाऊन शिकून आले आणि संघासाठी एकट्याने सगळी प्रणाली लिहिली. मशीन पाचदा बदलली, पण प्रणाली तीच. निशा आल्यापासून ते रोज दहाला यायचे, मांडीवर कापडी पिशवी घेऊन भिंतीशी बसायचे, विचारलं तेवढंच सांगायचे आणि पाचला जायचे. राग नव्हता त्यांच्या वागण्यात. पण एखादी गोष्ट पूर्ण हातात देताना त्यांना जड जात होतं हे निशाला दिसत होतं.

सोमवारी ती सदस्यांची मुख्य फाइल तपासत होती. नव्या प्रणालीसाठी संघाने सत्तावीस रकान्यांची यादी मंजूर केली होती. फाइलमध्ये अठ्ठावीस निघाले. शेवटच्या रकान्याला नीट नाव नव्हतं, आणि दीड लाखांपैकी फक्त अकराशे सेहेचाळीस लोकांसमोर त्यात एकेक क्रमांक होता. बाकी रिकामा. शाखा रोज वापरायच्या त्या पडद्यावर हा रकाना कुठंच दिसत नव्हता. तिने घनश्यामभाऊंना विचारलं.

"जुना कचरा हाये," ते म्हणाले. "जाऊ द्या."

ते बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. निशाने वहीत त्या रकान्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या कामाला लागली.

बुधवारी सकाळी व्हरांड्याच्या पूर्वेच्या टोकाला, नेमका तिच्या रेंजच्या जागी, एक माणूस बसलेला होता. चाळिशी ओलांडलेला, बारीक चणीचा, खांद्यावर टॉवेल. तो आदल्या दिवशीच आला होता आणि रात्री भक्तनिवासात राहिला होता. निशा फोनवर बोलून थांबली तेव्हा त्याने "जोहार, बाई" म्हटलं आणि तीच का संगणकवाली असं विचारलं.

त्याचं नाव चैतू. हेमलकशाच्या पुढं, पायी दोन तासांवर त्याचं गाव. घरी तो माडिया बोलायचा. मराठी त्याला येत होती, पण तो शब्द निवडून निवडून, मध्ये थांबून बोलायचा, त्यामुळे त्याची गोष्ट कळायला निशाला वेळ लागला. बाप तापाने गेला तेव्हा चैतू पंधराचा होता आणि त्याची धाकटी बहीण सोमारी सहा वर्षांची. घरात खायचे हाल. संघाची गाडी गावोगाव फिरून मुलं वसतिगृहात नेत होती. मामाने सोमारीला त्या गाडीत बसवून दिलं, दिवाळीला परत येईल म्हणून. ती आली नाही. पुढच्या वर्षी मामाही वारला आणि तिला कोणत्या वसतिगृहात ठेवलं ते सांगणारं कोणी राहिलं नाही. चैतू बावीसचा झाला तेव्हा पैदल आणि बसने इथवर आला होता. त्याला सांगितलं गेलं की सोमारी नावाची मुलगी संघाच्या नोंदीत नाही.

मग इतक्या वर्षांनी आता का, असं निशाने विचारलं.

"आमच्या बाजूले शाखेचा माणूस सांगे, नवी मशीन आली. जुनीले जे सापडत नाई ते नवीले सापडते म्हणे." त्याने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "माय म्हातारी झाली. ती विचारून राह्यली."

निशा त्याला आत घेऊन आली. तिने सोमारी शोधलं, मग सोमरी, सोमारीबाई, गावाच्या नावाने, तालुक्याच्या नावाने, वर्षाने. सोमारी तीन निघाल्या, तिघी म्हाताऱ्या, तिघी सिंदेवाहीकडच्या. चैतू पडद्याकडे बघत नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. ती नाही म्हणणार तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. घनश्यामभाऊ उठले होते. ते बाहेर पडले. पिशवी खुर्चीवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यांचा फोन बंद होता. निशाने अकरापर्यंत वाट पाहिली, म्हणजे तीन वेळा व्हरांड्यात जाऊन आली, आणि मग स्कूटी काढून सावलीला त्यांच्या घरी गेली.

ते अंगणात बाजेवर बसले होते. त्यांची बायको गिरजाबाई चहा ठेवून आत गेली. निशाने पिशवी त्यांच्या शेजारी ठेवली. रस्त्याकडे बघत ते विचारल्याशिवायच बोलायला लागले.

जंगलपट्ट्यातून वसतिगृहात येणाऱ्या मुलांना संघ तेव्हा नवी नावं द्यायचा. ही पद्धत पुढं बंद झाली, पण बारा-तेरा वर्षं चालली. मुलगी यायची बुधरी किंवा सोमारी म्हणून, आणि महिन्याभरात ती सुमती व्हायची, सुनीती व्हायची. घनश्यामभाऊंच्या पहिल्या प्रणालीत दोन्ही नावं होती. मग तेव्हाच्या सचिवांनी हुकूम दिला की जुनी नावं काढून टाका. संघात आल्यावर मागचं काही राहत नाही, मग नोंद तरी कशाला. ते सचिव आता हयात नाहीत.

"मी पडद्यावरून काढली," घनश्यामभाऊ म्हणाले. "फायलीतून नाई काढली. हात चालला नाई माझा."

त्यांनी जुनी नावं, गावं आणि कोणी आणून सोडलं ते एका वेगळ्या फाइलमध्ये टाकलं आणि मुख्य फाइलमध्ये फक्त क्रमांक ठेवला. त्या काळच्या मशीनवर मराठी उमटत नसे, म्हणून प्रत्येक अक्षराला त्यांनी स्वतःच खूण ठरवली होती. ती फाइल दुसऱ्या कोणाला वाचताच आली नसती. मशीन बदलली की ती ते गुपचूप पुढं न्यायचे. गिरजाबाईंनाही माहीत नव्हतं.

निशाने विचारलं, चैतू पहिल्यांदा आला तेव्हा कार्यालयात कोण होतं.

"मीच होतो. त्याले बाहेर बसवलं, आत जाऊन पाह्यलं. सापडली मले ती. कुठी हाये, कोण्या नावाने हाये, सबन दिसलं." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "सांगतलं असतं तर फाइल हाये हे समजलं असतं. मंग सचिवानं ती पुसायला लावली असती. असं मी मनाले समजवलं. खरं म्हणजे मी भेलो. नोकरी जाईन म्हणून भेलो."

चहा निवला होता. निशाला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्याजवळून उठून जावंसंही वाटेना. ती फाइल कुठं आहे, एवढंच तिने विचारलं. उत्तर ऐकलं आणि ती ताडकन उठली. फाइल त्याच सर्व्हरवर होती. अशा एका जागी, जिची नक्कल कधीच कोणी काढत नसे. म्हणजे निशाने गेल्या पंधरवड्यात उतरवून घेतलेल्या सगळ्यामध्ये ती नव्हती. ती फक्त त्या टक्‌टक् करणाऱ्या डिस्कवर होती.

दोघं स्कूटीवरून केंद्रावर आले. निशाने फाइलची नक्कल घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्या मिनिटात सर्व्हर अडकला. डिस्कचा नेमका तोच भाग खराब होत होता. आता एकच मार्ग होता. सर्व्हर बंद करायचा, डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावायची आणि जे वाचता येईल ते तुकड्या-तुकड्याने, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत उचलायचं. त्यात पूर्ण दिवस जाणार आणि तोवर सगळ्या शाखांचं काम थांबणार. शिवाय त्या ताणाने डिस्क कायमची बसण्याची शक्यता होती. त्यासाठी सचिवांची परवानगी लागणार होती.

आताचे सचिव अंकुशभाऊ गुरनुले. निवृत्त मुख्याध्यापक, शांत, वेळेचे पक्के. विश्वस्तांशी तीन वर्षं भांडून ही नवी व्यवस्था त्यांनीच मंजूर करून घेतली होती. निशाने त्यांना सगळं सांगितलं. घनश्यामभाऊ तिच्या मागं मान खाली घालून उभे होते. अंकुशभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही माणसं आता मोठी झाली आहेत. त्यांची लग्नं झाली, पोरांना आईबापाचं एकच नाव माहीत आहे. उद्या कोणी कागद घेऊन त्यांच्या दारात उभं राहिलं तर त्या घरात काय होईल याचा विचार संघाला करावा लागेल. आणि संघात आलेल्याचं मागचं सुटतं ही श्रद्धा आहे, ती फक्त कोणा जुन्या सचिवाची नव्हती.

पहिला मुद्दा निशाने मान्य केला. दुसऱ्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुमचं नाव तर कोणी बदललं नाई."

अंकुशभाऊंनी चष्मा परत घातला. शुक्रवारचा एक दिवस घ्या, ते म्हणाले. जे निघेल ते वाचवा. नव्या व्यवस्थेत टाकायचं की नाही ते विश्वस्त ठरवतील.

शुक्रवारी नऊ वाजता निशाने सर्व्हर बंद केला. अठरा वर्षांत ती खोली पहिल्यांदा शांत झाली होती आणि स्वयंपाकघरातल्या बायकाही काय झालं ते बघायला दारात आल्या. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, समोर टेबलपंखा ठेवला आणि उचलणं सुरू झालं. पडद्यावर एक आकडा होता, वाचलेल्या भागाचा. तो दोन टक्क्यांवर पंधरा मिनिटं थांबला. मग नऊ. मग अकराला इतका वेळ थांबला की निशा व्हरांड्याच्या चार फेऱ्या मारून आली. चैतू तिथंच होता. ती जवळून गेली की तो पाय आखडून घ्यायचा. शाखांचे फोन येत होते, बाई, काहीच उघडत नाही, आणि ती सगळ्यांना उद्या म्हणत होती. जेवायला बोलावणं आलं तेव्हा सदतीस टक्के. तिला जेवण गेलं नाही.

अडीचच्या सुमारास डिस्कने एक लांब घरघर केली आणि ती थांबली. निशाने तारा काढून परत लावल्या. काही नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा डिस्क फिरली ती जणू शेवटचीच, आणि आकडा सरसर वर गेला, ब्याण्णववर. तिथं सगळं संपलं. त्यानंतर ती डिस्क पुन्हा कधी फिरली नाही.

घनश्यामभाऊंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. ओळीच्या ओळी निरर्थक अक्षरांच्या दिसत होत्या. ते बोट ठेवून वाचायला लागले तेव्हा मात्र अडखळले नाहीत. लटारू. बुधरी. सुकलू. मधेच कोऱ्या ओळी यायच्या, जिथं डिस्कने काही दिलं नव्हतं. अशा नव्वदेक निघाल्या. निशा क्रमांक लिहून घेत होती. सहाशेच्या पुढं त्यांचा वेग कमी झाला आणि सहाशे अकराला बोट थांबलं.

सोमारी. वय सहा. गावाचं नाव. आणून सोडणारा, मामा.

निशाने आधीच उतरवून घेतलेल्या मुख्य फाइलमध्ये सहाशे अकरा क्रमांकासमोर नाव होतं सुनीती. मुलचेरा शाखा, मुलींचं वसतिगृह, अधीक्षिका.

निशाने तिला ओळखलं. फोनवर दहा-बारा वेळा बोलणं झालं होतं. 'र' नसलेल्या याद्या पाठवणारी बाई तीच.

व्हरांड्यात जाऊन सांगायचं काम घनश्यामभाऊंनी स्वतःकडे घेतलं. ते चैतूसमोर खाली फरशीवर बसले, त्या वयात त्यांना खाली बसायला त्रास व्हायचा तरी. तुझी बहीण सापडली हे आधी सांगितलं. मग, तू मागं आला होतास तेव्हा मीच नाही म्हणालो होतो आणि मला ठाऊक होतं, हेही सांगितलं. चैतूने ते पूर्ण ऐकलं. त्याचा हात टॉवेलच्या टोकाला पीळ घालत होता.

"जिती हाये?" त्याने विचारलं.

"हाये."

"मंग चाला."

निशा मध्ये पडली. तिने सांगितलं की आधी ती एकटी जाऊन बाईंना विचारेल, त्यांनी हो म्हटलं तरच भेट. चैतूला हे पटलं नाही. मी तिचा भाऊ आहे, भावाने भेटायला विचारायचं काय, असं तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. निशा म्हणाली की त्या बाईला एकदा न विचारता गाडीत बसवलं गेलं होतं. रागातच, पण त्याने मान हलवली.

शनिवारी संघाच्या जीपने निशा, चैतू आणि घनश्यामभाऊ निघाले. गडचिरोली, चामोर्शी, घोट. घोटच्या पुढं जंगल लागलं, मोहाची पानं गळायला आली होती. चैतू पुढच्या सीटवर होता. इकडं येताना त्याची बस मुलचेऱ्याच्या फाट्यावरूनच गेली होती हे त्याने स्वतःच सांगितलं आणि पुढं वाटभर तो बाहेर बघत राहिला. निशा मागं बसून काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होती आणि प्रत्येक वाक्य तिला चुकीचं वाटत होतं. नवी व्यवस्था सुरू व्हायला पाच दिवस उरले होते, ती बसवणाऱ्या नागपूरच्या कंपनीचे फोन येत होते आणि रेंज गेली तेव्हा तिला बरं वाटलं.

मुलचेऱ्यात चैतू, तिथं वसवलेल्या बंगाली निर्वासितांपैकी एकाच्या चहाच्या टपरीवर थांबला. घनश्यामभाऊ वसतिगृहाच्या फाटकाबाहेर जीपमध्येच बसून राहिले. निशा एकटी आत गेली.

सुनीतीबाई पस्तिशीच्या होत्या, ठेंगण्या, चालायला भरभर. निशा कीबोर्ड घेऊन आली असं समजून त्या तिला थेट संगणकाकडे घेऊन गेल्या. प्रिंटर कागद खातो, साठ मुलींची यादी मेळाव्याला कशी पाठवू, अर्ध्या मुली बंगाली, त्यांची नावं मलाच नीट लिहिता येत नाहीत, असं त्या बोलत राहिल्या. निशाने दार लोटलं आणि बसायला सांगितलं.

तिने सगळं सांगितलं, जमेल तसं. सुनीतीबाई ऐकताना टेबलावरच्या याद्या एकावर एक रचत होत्या. रचून झाल्यावर त्या पुन्हा विस्कटून रचायला लागल्या.

"सोमारी हे मले आठवते," त्या शेवटी म्हणाल्या. "गाव नाई आठवत. नदी होती. मले वाटे कोणी आलंच नाई. मोठ्या पोरीयचे मायबाप येत, मी फाटकात उभी राहो. मंग एक दिवस उभी राहणं सोडलं."

भाऊ एकदा आला होता हे निशाने सांगितलंच होतं. त्यांनी ते पुन्हा विचारलं, किती साली, आणि त्याला नाही कोण म्हणालं. निशाने फाटकाकडे पाहिलं. सुनीतीबाईंनी खिडकीतून जीप बघितली, आतला माणूस ओळखला आणि त्याला आत बोलवायला सांगितलं.

घनश्यामभाऊ आले आणि दाराजवळच उभे राहिले. त्यांनी कबूल केलं, कारण न देता. सुनीतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"दर मेळाव्यात तुमी मले भेटत होते, भाऊ. 'कशी हायेस बाई' म्हणून विचारत होते."

"हो."

"तवा तुमाले माहीत होतं."

"हो."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन मुलींच्या जेवणाचं सांगितलं, पदराला हात पुसले आणि निशाला म्हणाल्या, चला, कुठी बसला तो.

टपरीवर चैतू त्यांना येताना बघून उभा राहिला. रस्ता रुंद नव्हता, पण ओलांडायला त्या थांबल्या. पोती घेऊन जाणारी एक सायकल गेली, मग दुसरी. मग त्या पलीकडे गेल्या. चैतू माडियात काहीतरी बोलला. त्यांना ते समजलं नाही. तो पुन्हा बोलला, आणि त्यांनी मान हलवून सांगितलं की येत नाही आता. त्याच्या तोंडावर जे आलं ते निशाला बघवलं नाही, ती बाजूला जाऊन उभी राहिली. टपरीवाल्याने न सांगता दोन चहा ठेवले. थोड्या वेळाने निशाने वळून पाहिलं तेव्हा दोघं बाकावर मध्ये हातभर जागा सोडून बसले होते. चैतू बोट दाखवून एकेका वस्तूचा माडिया शब्द सांगत होता आणि सुनीतीबाई तो हळूच म्हणून बघत होत्या. झाड. पाणी. कुत्रा.

निशा सोमवारी सकाळी केंद्रावर परतली. नागपूरहून नवी डिस्क रविवारीच येऊन पडली होती, पण जुना सर्व्हर आता बंदच राहणार होता आणि शाखांना थेट नव्या व्यवस्थेवर आणायचं होतं. पुढचे तीन दिवस तिने खुर्चीतच काढले, अर्धा वेळ फोन खांद्याला दाबून. विश्वस्तांची बैठक बुधवारी झाली. सुनीतीबाईंनी स्वतः येऊन आपलं म्हणणं मांडलं, पाचच मिनिटं. नावं पुसू नका, त्या म्हणाल्या, पण दुसऱ्या कोणाला दाखवूही नका, ज्याचं आहे त्याला आधी विचारा. दोन विश्वस्त शेवटपर्यंत विरोधात राहिले. अंकुशभाऊंनी ठराव स्वतःच्या हाताने लिहिला. नव्या प्रणालीत अठ्ठाविसावा रकाना आला आणि तो ज्या त्या माणसाच्या संमतीशिवाय उघडणार नाही असं ठरलं.

मेळावा पार पडला. पहिल्या दिवशी दोन तास नवी व्यवस्था बंद पडली आणि लोकांना वहीतून मांडव वाटावे लागले, पण ती सावरली. त्यानंतर घनश्यामभाऊ आणि निशा रोज दुपारी त्या यादीतल्या माणसांना फोन लावायला बसू लागले. मूलजवळच्या एका शिक्षकाने ऐकून घेतलं आणि तुम्ही मला फोन केला होता हे विसरून जा, असं सांगितलं. एका बाईने गावाचं नाव तेवढं दोनदा विचारून घेतलं. काहीजण वारले होते. कोऱ्या राहिलेल्या नव्वद ओळींचं काय करायचं ते निशाला कळत नव्हतं. घनश्यामभाऊ रात्री आठवायचा प्रयत्न करायचे आणि सकाळी एखाद-दुसरं नाव चिठ्ठीवर घेऊन यायचे, पण ते बरोबर आहे का हे ते छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते.

सुनीतीबाई मेळाव्यानंतर आठ दिवसांची रजा घेऊन चैतूसोबत गावाला गेल्या. तिकडं फोन लागत नसल्यामुळे काही कळलं नाही. परत आल्यावर त्यांनी कामासाठी निशाला फोन केला, नवा प्रिंटर चालतो आहे हे सांगायला. निशाने विचारलं, माय भेटली काय.

भेटली, त्या म्हणाल्या. पहिले दोन दिवस म्हातारी त्यांच्याशी बोललीच नाही. ताटात वाढायची आणि लांब बसून बघत राहायची. गावातल्या बायका येऊन चेहरा बघून जायच्या. रात्री झोपायला जागा दिली ती पाहुण्याची, दाराजवळची. सुनीतीबाईंना वाटलं होतं की आपण यायलाच नको होतं.

"मंग?" निशाने विचारलं.

"तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली. मी गेली तं हातात पाण्याची गुंडी दिली आन् नदीकडे बोट केलं. मी पाणी घेऊन आली तं उशीर झाला म्हणून बडबडून राह्यली होती, घरच्या पोरीवर बडबडते तशी. चैतू सांगे, ती म्हणून राह्यली की पाण्याले एवढा वेळ लागते काय."

निशा व्हरांड्यात उभी होती. ती पायरीवर बसली आणि बाईंचं बोलणं संपेपर्यंत उठली नाही.